सेवा आणि वेतन

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. मुलगा पदवीधर झालेला. मुलांसाठीं काम करणाऱ्या एका संस्थेंत त्यास जागा मिळाली होती, आणि ती तो पत्करणार म्हणून गृहस्थ त्रासले होते. "सर, आपणच त्याला सेवेचीं व्याख्यानें ऐकविलीं. आतां आपणच सांगा, त्यानें घर कशावर चालवायचें?" असें त्यांनीं विचारलें. आम्हांस तत्काल उत्तर सुचलें नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ पालकांच्या मनांत हाच प्रश्न असेल, म्हणून त्याचा येथें थोडा विचार करीत आहों.

असलें काम म्हणजे खाऊ वाटणें व गाणीं शिकविणें, अशी आमच्या मुलांची समजूत असते. खरें स्वरूप पाहावयाचें तर १०९८ या क्रमांकाचें उदाहरण घ्यावें. संकटांतील मुलांसाठीं हा विनामूल्य दूरध्वनि १९९६ सालीं मुंबईंत जेरू बिलिमोरिया यांच्या प्रयत्नानें सुरू झाला आणि 'चाइल्डलाइन' या नांवानें देशभर पसरला. शेकडो स्थानिक संस्थांचे कार्यकर्ते त्यासाठीं रात्रंदिवस आळीपाळीनें राबत. आमचा दुसरा एक विद्यार्थी अशाच एका संस्थेंत बारा वर्षें होता. प्रथम दूरध्वनीवर, मग बाहेरच्या धांवपळीवर. तो सांगे कीं घंटा वाजावी, आपण बोलावें, आणि पलीकडून शब्द नसावा, असें दिवसांतून अनेकदां होई. कित्येक मुलें आधीं गप्प राहून किंवा थट्टा करून पलीकडचा मनुष्य कसा आहे तें पारखतात. म्हणून रागावतां येत नाहीं आणि दूरध्वनि खालीं ठेवतांही येत नाहीं. (वर्गांत टिवल्याबावल्या करणाऱ्यावर आपण खडूचा तुकडा फेंकतों, हें आम्हांस त्या वेळीं आठवलें.)

स्टेशनावर एकटें मूल दिसल्याचें कळलें कीं तासाभरांत तेथें पोहोंचण्याचा नेम असे. पुढें पोलिसांकडे नोंद, वैद्यकीय तपासणी, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणें प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आंत मुलास बालकल्याण समितीपुढें उभें करणें. मध्यंतरीं मूल झोंपी जातें, जेवावयास मागतें, खोटें नांव सांगतें. एकानें आपलीं म्हणून तीन गांवें सांगितलीं. तीनही त्यानें गाडींतून पाट्यांवर वाचलेलीं होतीं! परंतु सर्वांत अवघड घडी मुलास घरीं पोहोंचविण्याची. ज्या हातास भिऊन तें पळालें, तोच हात कधीं कधीं त्यास घ्यावयास पुढें येतो. निर्णय समितीचा असतो. झोंप मात्र कार्यकर्त्याची जाते.

एवढ्या कौशल्याच्या कामास 'सेवा' म्हटलें कीं वेतनाचा प्रश्न काढणें आपणांस हलकें वाटूं लागतें. परिचारिकेच्या पगारानें तिच्या शुश्रूषेस कमीपणा येत नाहीं, मग येथेंच कां यावा? २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये मोठ्या कंपन्यांस आपल्या सरासरी नफ्याचे २ टक्के लोककार्यास द्यावे लागतात. पैसा अगदींच नाहीं असें नव्हे. परंतु देणाऱ्यास वाटलेलीं दप्तरें दाखवितां येतात, मुलाशेजारीं तासभर गप्प बसलेला मनुष्य दाखवितां येत नाहीं. शिवाय देणगी बहुधा वर्षाच्या बोलीनें मिळते, त्यामुळें नोकरीही वर्षाचीच. १०९८ चें काम २०२३ सालीं सरकारनें आपल्या यंत्रणेकडे घेतलें. सरकारनें ही जबाबदारी उचलावी हें योग्यच होय. पण आमच्या विद्यार्थ्याची जागा त्यांत गेली. बारा वर्षांच्या अनुभवाबद्दल त्याच्या हातीं एक प्रमाणपत्र व एक शाल आली.

आमचा दोषही येथें कबूल केला पाहिजे. बक्षीससमारंभाच्या व्यासपीठावरून आम्ही त्यागाची थोरवी गातों आणि एक तारखेस आपला पगार मोजून घेतों. मुलांस वेतनाची गोष्ट आम्हीं कधीं सांगितलीच नाहीं.

त्या गृहस्थांस आम्हीं अखेर इतकेंच सांगितलें कीं, मुलास अडवूं नये, पण बँकेच्या नोकरीविषयीं जे प्रश्न आपण विचाराल ते येथेंही विचारावे. नेमणुकीचें पत्र मिळेल काय? भविष्यनिर्वाह निधि आहे काय? काम शिकविणारा अनुभवी मनुष्य कोण? कार्यकर्ता थकला, खचला, तर त्याचें ऐकणारें कोणी आहे काय? आणि वर्ष सरल्यावर पुढें काय? मुलाससुद्धां एक प्रश्न आम्हीं विचारला: "आठ वर्षांचा मुलगा तासभर तुझ्याशीं खोटें बोलला, तर तूं त्याच्याजवळ बसून राहशील काय?" तो हंसला, आणि "माहीत नाहीं, सर," म्हणाला. हें उत्तर आम्हांस आवडलें.

गृहस्थांनीं प्रश्न कागदावर उतरवून नेले. पुढें कळलें कीं संस्थेनें चारांचीं उत्तरें लेखी दिलीं. पांचव्याचें तिला देतां आलें नाहीं. मुलगा जूनपासून कामावर जात आहे, आणि वडील अजून आमच्यावर थोडे रागावलेले आहेत.