मोठ्या कंपन्यांनाही नियम आहेत

पुलगावच्या बाजारात मोबाईल विकणारे आणि दुरुस्त करणारे अनेक तरुण आहेत. त्यांत आपली मुलेही कमी नाहीत. त्यांच्याकडून मला एकच तक्रार वारंवार ऐकू येते: नवा फोन आधी ऑनलाइन येतो आणि आमच्या खरेदीच्या भावाहूनही स्वस्त विकला जातो, मग आम्ही टिकायचे कसे?

हा नशिबाचा नाही, कायद्याचा प्रश्न आहे. 13 जानेवारी 2020 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला, तो याच मुद्द्यांवर: केवळ ऑनलाइन मिळणारे फोन, मर्जीतले विक्रेते, भरमसाट सवलती. तक्रार दिल्लीतल्या व्यापारी संघटनेची होती. कंपन्या कोर्टात गेल्या, चौकशी दीड वर्ष अडली. अखेर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती थांबवायला नकार दिला.

स्पर्धा कायदा, 2002 नुसार मोठे असणे गुन्हा नाही. मोठेपणाचा गैरवापर करण्यास कलम 4 मनाई करते. ‘ग्राहकाला स्वस्त मिळते, मग बिघडले काय?’ असे काही मित्र विचारतात. आज कदाचित काही बिघडत नाही. पण गावातली दुकाने बंद पडल्यावर भाव कोण ठरवणार?

गूगलला ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइड प्रकरणी 1,337.76 कोटी रुपयांचा दंड झाला आणि अपिलातही तो कायम राहिला. त्यामागची 2018 ची तक्रार कुठल्या बड्या कंपनीची नव्हती. ती तीन तरुणांनी केली होती, त्यातला एक कायद्याचा विद्यार्थी होता. अशी तक्रार कोणीही नागरिक करू शकतो.

मुस्लिमांत स्वयंरोजगाराचे प्रमाण जास्त असल्याचे सच्चर समितीने 2006 मध्येच नोंदवले. त्यामुळे बाजाराचे नियम हा आपल्या रोजीरोटीचा विषय आहे. पण तो फक्त आपला नाही. शेजारच्या हिंदू दुकानदाराचाही आहे. म्हणून वेगळे रडगाणे नको. गावच्या व्यापारी संघटनेत जा, बिले आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, एकत्र अर्ज करा.

चौकशीला वर्षे लागतात, तोवर दुकान बुडते. गैरवापर होण्याआधीच बंधने घालणाऱ्या डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा मार्च 2024 मध्ये आला, कायदा मात्र झालेला नाही. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण विचारू या: तो कायदा कुठे अडला?