फरशीवरची शिकवणी

कंपासने वर्तुळ काढायचे, तेवढ्याच अंतराने त्यावर सहा खुणा करायच्या, खुणा जोडल्या की षट्कोन तयार. एलिमेंटरी परीक्षेसाठी आम्ही वर्षानुवर्षे हे मुलांकडून गिरवून घेतले. ही आकृती जगात कुठे कुठे भिंतींवर चढली, ते मात्र कधी सांगितले नाही. यंदा आठवीतली एक मुलगी म्हणाली, "टीचर, अशीच नक्षी आमच्या जानमाजवर आहे. मग अब्बू का म्हणतात, चित्रकला आपल्यासाठी नाही?" आम्ही गप्प झालो. सांगायचे राहिले होते ते आमच्याकडूनच.

दुसऱ्या दिवशी वर्गाला अलहम्ब्राची गोष्ट सांगितली. स्पेनमधल्या ग्रॅनाडाचा हा राजवाडा तेराव्या-चौदाव्या शतकांत नस्री सुलतानांनी उभारला. तिथल्या रंगीत फरश्या एकमेकींत अशा बसवल्या आहेत की मध्ये फट नाही. १९२२ साली एशर नावाचा तरुण डच चित्रकार तिथे आला. १९३६ मध्ये तो पत्नीसह पुन्हा आला आणि दोघांनी दिवसचे दिवस बसून त्या नक्ष्या उतरवून घेतल्या. फरश्यांवर पशुपक्षी नव्हते. एशरने पुढे त्याच हिशेबाने पक्षी, मासे, सरडे एकमेकांत गुंफले. हुनर दुसऱ्यांकडून शिकला, चित्रे स्वतःची काढली.

मग मुलांनी पुठ्ठे कापले. समभुज त्रिकोण, चौरस, षट्कोन बिनफटीचे बसले. समान बाजू-कोनांचा पंचकोन काही केल्या बसेना. त्याचा कोन १०८ अंशांचा. तीन ठेवले की ३६ अंशांची फट उरते. हे कुणाला पाठ करावे लागले नाही.

त्या मुलीचे अब्बू फरशी बसवण्याचे काम करतात. त्यांना शाळेत बोलावले. लेकीची वही त्यांनी बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "इथे कोपऱ्यात तुकडा कापावा लागेल." परीक्षेच्या फॉर्मवर सही अजून व्हायची आहे, पण वही ते घरी घेऊन गेले आहेत.

पालकहो, छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचे औरंगाबाद) बीबी का मकबरा पाहायला गेलात, तर फोटो काढून लगेच परतू नका. कबरीभोवतीच्या संगमरवरी जाळीपाशी मुलांना कागद-पेन्सिल घेऊन बसू द्या. घरी आल्यावर वारलीची चित्रे, जपानी छापचित्रे यांच्यापुढेही असेच बसवा. हाताने उतरवल्याशिवाय दुसऱ्याची कला कळत नाही, आणि आपल्या जानमाजवरची नक्षीही.