ढालीसाठी चार लाखांची प्रेस? आधी तीन ढाली विका



मागच्या व्हिडिओखाली चिखली तालुक्यातल्या एका दादांनी प्रश्न विचारला, आणि मग फोनवर आमचं तासभर बोलणं झालं. दादा सुतारकाम करतात, हात चांगला आहे. त्यांना परदेशातून विचारणा आलीय: रोमन सैनिकांच्या वाकलेल्या लाकडी ढाली बनवून द्याल का? दादांनी फॅब्रिकेटरकडून हायड्रॉलिक प्रेसचं कोटेशनसुद्धा आणलं. साधारण चार लाख. म्हणाले, "सर, कर्जाची फाईल टाकू का? माल त तेच उचलणार हायेत."

"माल आम्हीच उचलू" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. द्रोण-पत्रावळीच्या मशीनवाल्यांनी हेच सांगून किती पोरांच्या गळ्यात मशीन मारली, ते आपण गावोगावी बघितलंय. इथे कोणी फसवतंय असं मी म्हणत नाही. पण विचारणा म्हणजे ऑर्डर नव्हे, आणि ऑर्डर म्हणजे ॲडव्हान्स नव्हे.

मागणी मात्र खरी आहे. युरोपात रोमन सैन्याचा पोशाख करून जुने प्रसंग उभे करणारे हौशी गट आहेत. ब्रिटनमधला अर्माइन स्ट्रीट गार्ड हा गट १९७२ पासून चालू आहे. रोममध्ये २१ एप्रिलला शहराचा वाढदिवस साजरा होतो, तेव्हा असे गट मिरवणूक काढतात. आणि भारतातून असा माल जातोच, देहरादूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स कितीतरी वर्षं जुन्या तलवारींच्या प्रतिकृती जगभर विकतेय. मग बुलढाण्यातून ढाल का जाऊ नये? जाऊ शकते. माझं भांडण फक्त प्रेसशी आहे.

आधी वस्तू समजून घ्या. या ढालीला स्कुटम म्हणतात. सीरियात दुरा-युरोपोस नावाच्या ठिकाणी १९३० च्या दशकातल्या उत्खननात एक जवळजवळ पूर्ण ढाल मिळाली, ती आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. उंची साधारण १०५ सेंमी. दीड-दोन मिमी जाडीच्या लाकडी पट्ट्यांचे तीन थर एकमेकांवर चिकटवलेले, बाहेरचे दोन आडवे आणि मधला उभा. एकूण लाकूड पाच-सहा मिमी. म्हणजे दादा, हा आपला प्लायवूडच झाला, फक्त अठराशे वर्षांपूर्वीचा!

आता गंमत बघा. समजा तुमची ढाल ६६ सेंमी रुंद आणि २० सेंमी खोल आहे. खाली साचा, वर साचा, मधे डिंक लावलेले थर, आणि वरून जॅकचा दाब. मधोमध दाब मस्त बसतो. पण कडेला उतार साठ अंशांचा होतो. तिथे वरचा साचा एक मिमी खाली आला तर थरांमधली फट निम्माच मिमी मिटते. मधला भाग चेपून जातो आणि कडा पोकळ राहतात. ढाल सुटते ती कडेनेच, कारण तलवारीचे घाव तिथेच बसतात. दुराची मूळ ढाल तर जवळजवळ अर्ध्या नळकांड्यासारखी होती. तिच्या कडेला वरून दाबणारी प्रेस काहीच करणार नाही. म्हणजे चार लाख घालून जिथे दाब हवा तिथेच तो नाही.

यावर आपल्याकडे उपाय आधीच आहे. खालचा साचा एकच करा, प्लायच्या अर्धगोल फासळ्या आणि त्यावर पट्ट्या ठोकून. थर त्यावर ठेवा आणि ट्रकवर माल आवळायच्या रॅचेट पट्ट्यांनी किंवा ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून गुंडाळा. गुंडाळलेला पट्टा सगळीकडून आतल्या बाजूला ओढतो, कडेलाही तेवढाच. कुठल्याही जुन्या मिस्त्रीला विचारा, ट्यूब गुंडाळून सांधा बसवणं त्याला शिकवावं लागणार नाही.

त्याहून एक पायरी वर जायचं असेल तर हवेची प्रेस. साच्यासकट ढाल जाड पॉलिथिनच्या पिशवीत घाला, कडा नीट बंद करा आणि जुन्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरने आतली हवा ओढून घ्या. या मापाच्या ढालीचं क्षेत्रफळ साडेआठ हजार चौरस सेंमीच्या आसपास भरतं. प्रत्येक चौरस सेंमीवर पाऊण किलो दाब मिळाला तरी सहा टनांच्या वर होतो, आणि तो सगळीकडे सारखा. हवा फुकट आहे हो.

डिंकाबद्दल एकच सांगतो. नेहमीचा पांढरा डिंक वाकवलेल्या थरांना जपून वापरा, ताणाखाली तो हळूहळू सरकतो आणि वाक उघडतो. हार्डनर घालून घट्ट होणारा युरिया फॉर्मल्डिहाइड घ्या. पण मे महिन्यात मलकापूरच्या उन्हात तो हातातच आळायला लागेल, तेव्हा काम पहाटे करा. आणि साच्यातून काढल्यावर ढाल थोडी उघडतेच, म्हणून साच्याचा वाक मापापेक्षा जरा जास्त ठेवा. किती जास्त, हे मी व्हिडिओत सांगू शकणार नाही. तुमच्याच प्लायचे तीन तुकडे वाकवून बघा, तेच सांगतील.

खरा खर्च लाकडात नाहीच, तो खोक्यात आहे. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि कोणीच हे गणित मांडत नाही. कुरिअरवाले वजन जागेवरून धरतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. एका ढालीचं खोकं ११० × ७० × २५ सेंमी. म्हणजे साडेअडतीस किलोचं भाडं, ढाल भले सहा किलोची असो! पण वाकलेल्या ढाली एकात एक बसतात. मधला लोखंडी उंचवटा आणि मूठ वेगळी पाठवली तर पाच ढालींचं खोकं ११० × ७० × ३२ मध्ये होतं. एकोणपन्नास किलो, म्हणजे दर ढालीला दहा. म्हणून गिऱ्हाइकाला एक ढाल विकूच नका, त्याच्या गटाला पाच विका. आणि प्लाय कुठल्या लाकडाचा, याचं बिल जपून ठेवा. अमेरिकेत लाकडी माल उतरवताना झाडाचं शास्त्रीय नाव आणि ते कुठल्या देशात तोडलं, हे विचारू शकतात. यमुनानगरकडून येणारा पॉपलरचा प्लाय यासाठी चांगला, हलकाही असतो. रोमन लेखक प्लिनीनेही ढालीसाठी विलो, पॉपलर अशीच मऊ, लवचिक झाडं सांगितली आहेत.

काहींनी विचारलं, याच साच्यावर आपली मराठा ढाल नाही का होणार? सिंदखेडराजाला १२ जानेवारीला केवढी गर्दी असते, शिवजयंतीला मिरवणुका निघतात, २०२४ मध्ये सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र केलं. बाजार दाराशी आहे, मान्य. पण नाही होणार. प्लाय एका दिशेने वाकतो, आपली गोल ढाल घुमटासारखी, दोन्ही दिशांनी फुगलेली. ती जुन्या काळी चामड्याची असायची. आज तिला पत्रा स्पिनिंग लेथवर फिरवावा लागतो, परात करतात तसा, नाहीतर फायबरचा साचा हवा. ते भांडी करणाऱ्याचं काम, सुताराचं नव्हे. ज्याच्याकडे लेथ आहे त्याने जरूर करावं, मी त्याच्यावर वेगळा व्हिडिओ करीन.

कर्जाचं म्हणाल तर पीएमईजीपीत ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन बसा, माहिती मिळते. फक्त हे लक्षात ठेवा, अनुदान हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं, आणि हप्ता मात्र सुरू होतो. ढाली न विकता हप्ता भरायची वेळ आली तर बायकोच्या अंगावरचं सोनं आधी जातं, हे मला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

दादांना मी सांगितलं: साचा एक, ट्यूबच्या पट्ट्या, तीन ढाली. एक फोडून बघायला, एक फोटो-व्हिडिओला, एक त्या गिऱ्हाइकाला नमुना म्हणून, पण भाड्याचे पैसे आधी त्याच्याकडून. त्याने भाडं पाठवलं तर पाचाच्या ऑर्डरचं बोला, निम्मा ॲडव्हान्स घेऊन. दादा थोडे नाराज झाले. म्हणाले, "सर, फॅब्रिकेटरला काय सांगू?" म्हटलं, त्यालाच फासळ्या कापायला सांगा, पाचशे रुपये त्याचेही होतील. कोटेशन अजून त्यांच्या खिशात आहे. पहिली ढाल साच्यावरून उतरली की कडेचा फोटो पाठवा म्हटलंय, मधला नको.