आधी विचारा, मग यंत्र सुरू करा

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती आहे. मुलांच्या हट्टापायी घरात मेटल डिटेक्टर आला असेल, तर तो घेऊन थेट जवळच्या पार्कात जाऊ नका.

पार्क सगळ्यांचं, मग विचारायचं कुणाला, असं वाटणं साहजिक आहे. पण जिथे फिरायला मुभा आहे तिथे खणायलाही असतेच असं नाही. बहुतेक पार्कं स्थानिक कौन्सिलच्या मालकीची असतात आणि दर कौन्सिलचा नियम निराळा. काही ठिकाणी अर्ज करून परवानगी मिळते, काही कौन्सिलं सरळ नाही म्हणतात. लंडनच्या हाइड पार्कसारख्या रॉयल पार्कांमध्ये बंदीच आहे. नॅशनल ट्रस्टच्या जागांचीही आशा धरू नका. संरक्षित स्मारकाच्या जागेवर हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेच्या लेखी संमतीशिवाय डिटेक्टर फिरवणं हा १९७९च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, मग तुम्ही मातीला बोटही लावलेलं नसो. असं स्मारक कधी कधी नेहमीच्या पार्कातला गवताळ उंचवटा असतो. हिस्टॉरिक इंग्लंडच्या संकेतस्थळावर अशा जागांची यादी आणि नकाशा आहे, तो आधी बघा.

परवानगी लेखीच घ्या. ईमेलमध्ये कोणता भाग, कोणते दिवस, किती खोल खणणार आणि सापडलेल्या वस्तूचं काय करायचं, हे सगळं स्पष्ट लिहा. गवत कापणाऱ्या माणसाने हसून मान डोलावली म्हणजे परवानगी झाली नाही. शेतात जायचं असेल तर शेतकऱ्याला विचारा. तो खंडाने शेती करत असेल तर जमिनीच्या मालकालाही.

हे सगळं वेळखाऊ वाटेल, पण विचारणाऱ्याचं नुकसान होत नाही. २००९ साली स्टॅफर्डशरमध्ये टेरी हर्बर्ट यांना एका शेतात अँग्लो-सॅक्सन सोन्याचा प्रचंड साठा सापडला. शेतकऱ्याची परवानगी होती, हर्बर्ट यांनी अधिकाऱ्यांना वेळेवर कळवलं आणि सुमारे ३३ लाख पौंडांचं बक्षीस दोघांत निम्मं-निम्मं वाटलं गेलं. उलट २०१५ साली हेरफर्डशरमध्ये दोघांनी व्हायकिंग काळातला साठा उकरला आणि दडवून विकायला काढला. २०१९मध्ये दोघंही तुरुंगात गेले. त्यातली बहुतेक नाणी अजून मिळालेली नाहीत, आणि ती कशासोबत, कशी पुरली होती हे कळण्याचा मार्गही बंद झाला. माझ्या मते हे नुकसान पैशांहून मोठं आहे.

१९९६च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे तीनशे वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची वस्तू सापडली तर १४ दिवसांत कॉरोनरला कळवावं लागतं. कायद्यात बसणाऱ्या इतरही वस्तू आहेत, त्यामुळे शंका आली की आपल्या भागातल्या, अशा वस्तूंची नोंद करणाऱ्या फाइंड्स लायझन ऑफिसरला दाखवा. वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नका, आणि ती नेमकी कुठे, किती खोलवर मिळाली ते लिहून ठेवा. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिथे जुनी वस्तू कोणत्याही धातूची असली तरी कळवायची असते.

आता पार्कातल्या वागण्याबद्दल. क्रिकेटची खेळपट्टी, फुलांचे वाफे आणि झाडांची मुळं यांच्यापासून लांब राहा. कानाला हेडफोन लावा, दुसऱ्यांना ती पींपीं कशाला? गवत तीन बाजूंनी कापून डब्याच्या झाकणासारखं उलटा, माती कापडावर काढा, पुन्हा भरा, झाकण बसवून पायाने दाबा. कोरड्या उन्हाळ्यात खणूच नका. कापलेलं गवत तिथेच करपतं आणि पुढच्या माणसाला नकार मिळतो. हाती बहुतेक वेळा डब्यांच्या कड्या आणि गंजके खिळेच येतील. तो कचरा खड्ड्यात परत न टाकता घेऊन जा. कुणाची अंगठी मिळाली तर ती कौन्सिलकडे किंवा पोलिसांकडे द्या. बॉम्बसारखं काही दिसलं तर हात लावू नका, मुलांना मागे घ्या आणि पोलिसांना फोन करा. दुसऱ्या महायुद्धातले न फुटलेले बॉम्ब इंग्लंडमध्ये आजही निघतात.

आणि सुट्टीत महाराष्ट्रात येताना हे यंत्र बॅगेत घालू नका. २०२५मध्ये ‘छावा’ चित्रपट बघून खजिन्याच्या आशेने मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याला लोकांनी रात्रीत शेतं खणून काढली. हातात टॉर्च होत्या, मेटल डिटेक्टरही होते. आपल्याकडे जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तेव्हाचे दहा रुपये कायद्यात अजून दहाच आहेत! गडावर पावसाने उघडी पडलेली एखादी शिवराई दिसली, तर उचलू नका. फोटो काढा, जागा नीट टिपून घ्या आणि गड उतरल्यावर तहसील कचेरीत किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.