दारातली पायरी

फजरच्या अंधारात वजूच्या ओल्या पायांनी घरातले बुजुर्ग उतरतात ते दारातल्या पायरीवरूनच. ती देखण्यापेक्षा भरवशाची हवी.

भराव पाणी मारून, धुम्मस करून घट्ट बसवा. भुसभुशीत भरावावरचे काँक्रीट खचून तडकते. सगळ्या पायऱ्यांची उंची सारखी, ६ इंच आणि रुंदी १२ इंच ठेवा. एखादी जरी उंच-सखल झाली तरी पाय अडखळतो. बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या.

एक घमेले सिमेंट, दीड वाळू, तीन खडी, पाणी बेताचेच. वरून गुळगुळीत घोटू नका, ओलसर असतानाच झाडूने आडव्या रेघा ओढा. मग गोणपाट घालून किमान ७ दिवस ओले ठेवा. ईद तोंडावर आली तरी यात घाई नको.