गळ्यात पडलेलं काम

गुरुपौर्णिमा आली, की आपण गुरूंच्या ज्ञानाचे गोडवे गातो. मला मात्र वाटतं, गुरूची खरी ओळख ज्ञानावरून होत नाही. इतरांना किरकोळ वाटणारं काम किती मोलाचं आहे, हे ओळखून तो ते शिष्याच्या गळ्यात घालू शकतो का, यावरून होते.

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या विरू खोऱ्याचंच बघा ना. कोलंबसपूर्व काळात तिथे माणसं कशी राहत होती, हे शोधायला १९४६ साली अमेरिकी संशोधकांचा गट गेला. पुरातत्त्वज्ञांच्या जोडीला भूगोलाचा अभ्यासक होता, आणि तिथल्या आजच्या गावकऱ्यांचं जगणं टिपणारा मानवशास्त्रज्ञही होता. त्यात गॉर्डन विली हा तिशीतला संशोधक होता. ज्युलियन स्ट्यूअर्ड हे त्याचे वर्गातले शिक्षक नव्हेत, वडीलधारे सहकारी. त्यांनी सुचवलं, की खापरांचे थर बाकीचे बघतील, तू अख्ख्या खोऱ्यातल्या वस्त्या बघ.

झालं! इतरांच्या हाती मडकी लागत होती. दोघांना तर मोचे काळातल्या योद्धा-पुरोहिताची कबर सापडली. आणि विली उन्हातान्हात दगडधोंड्यांतून पायपीट करतोय! आपल्याला फसवलं, असंच त्याला तेव्हा वाटलं. पुढे त्यानेच हे लिहून ठेवलंय.

पण हवाई छायाचित्रं आणि नकाशे हाताशी घेऊन त्याने ३१५ ठिकाणं नोंदवली. साधी घरं, देवळं, गढ्या, स्मशानं, सगळी. १९५३ साली पुस्तक आलं आणि पुरातत्त्वाची नजरच बदलली. एकटीदुकटी कबर सांगत नाही ते घरं, कालवे आणि गढ्या एकत्र पाहिल्या की कळतं. माणसं कुठे वाढली, पाणी कसं फिरवलं, कुणाच्या भीतीने टेकडीवर चढली.

मैत्रिणींनो, हे आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. राजाच्या कबरीत राजा भेटतो. पाट्यावर मका वाटणारी बाई भेटते ती साध्या घराच्या जोत्यापाशी. घरं मोजलीच नाहीत, तर ती इतिहासात येणार कुठून?

कुणी म्हणेल, घाम शिष्याचा, मग श्रेय गुरूला का? ते श्रेय विलींनी स्वतःच मोकळेपणाने दिलं. पण ते स्ट्यूअर्ड यांची नक्कल झाले नाहीत. स्ट्यूअर्ड यांचा भर निसर्ग आणि माणूस यांच्या नात्यावर, तर विलींनी वस्त्यांमधून समाजाची सत्ता आणि व्यवस्थाही वाचली. चांगला गुरू वाट दाखवतो, पावलं मोजत बसत नाही.

आणि ती वाट पुढे जाते. हार्वर्डमधले विलींचे विद्यार्थी विल्यम सँडर्स यांनी १९६० पासून मेक्सिकोच्या खोऱ्यात सहकाऱ्यांसह अशीच पाहणी केली. त्यातल्या कितीतरी जागा नंतर मेक्सिको सिटीच्या पोटात गेल्या. आज त्यांच्या नोंदी तेवढ्या उरल्यात. पायपीट वेळेवर झाली म्हणून!

आमच्या वस्तीतल्या कामातही नव्या मुलींना मोर्चा हवा असतो, भाषण हवं असतं. घरोघरी जाऊन किती माणसं, नळ कुठे, चूल कसली, हे वहीत लिहिणं रटाळ वाटतं. त्यांना मी सांगते, वही घ्या. ज्या घराची नोंद नाही, त्या घराच्या वतीने कुणी भांडूही शकत नाही.