टक्केवारीचा पाव

लाँग वीकेंडला जयगडला ताईकडे गेले, तर सातवीतली भाची रडवेली. शेकडेवारीत पुन्हा लाल शेरा! ‘मावशी, मला गणित येतच नाही गं.’ ऑफिसात दिवसभर एक्सेलमध्ये टक्के काढणारी मी, पण समजावता येईना. म्हटलं, चल, पाव करू.

मैदा 500 ग्रॅम, पाणी 300. किती टक्के? बोटं मोडत म्हणाली, ‘साठ?’ मीठ दोन टक्के? ‘दहा ग्रॅम!’ यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्याने पीठ फुगतं. झालं विज्ञान. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांचा. झाला इतिहास.

ही आयडिया माझी नाही हं. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेली नई तालीम हेच सांगत होती: हातातल्या कामातून विषय शिका. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी 1983 पासून तेच केलं.

आमची पहिली खेप मात्र दगड! मी हिरमुसले. भाची वही घेऊन बसली. ‘मावशी, पाणी 65 टक्के घेऊ. म्हणजे 325 ग्रॅम.’

आणि हे मी तिला विचारलंही नव्हतं!